मालाडच्या दगडात पणजोबांचा माग

मंडळी, आधी एक प्रश्न. तुमच्या पणजोबांचे नाव तुम्हाला सांगता येईल काय? वडिलांचे नाव आपण रोज कुठे ना कुठे लिहितो, आजोबांचे नाव जुन्या सातबाऱ्यावर असते. पण पणजोबांपाशी आले की बहुतेक जण आढ्याकडे बघू लागतात. मीही त्यातलाच. तीस वर्षे गावोगाव हिंडून मातीचा नमुना कसा घ्यावा, बियाण्याला औषध कसे चोळावे हे लोकांना सांगत आलो. कोणत्या शिवारात किती हातांवर मुरूम लागतो हे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन. पण माझ्या आजोबांचे वडील कोठे आणि कशाने गेले, हे मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. ते शोधायला मी मालाडला गेलो, त्या प्रवासाची ही हकीगत.

आमचे गाव संगमनेर तालुक्यातले, प्रवरेपासून थोडे आत. आम्ही पाथरवट. आता घरात छिन्नी कोणी धरत नाही; दोन पिढ्या शेती आणि नोकरी. पण पणजोबा गावचे पाथरवट होते. जाती, पाटे-वरवंटे, उखळे, जनावरांच्या डोणी, मोटेचे पाणी पडते ते थारोळे, देवळाच्या पायऱ्या, ही सगळी कामे त्यांची. आमच्या मारुतीच्या पाराचे चिरे त्यांच्या हातचे, असे म्हातारी माणसे सांगत. जात्याची तळी अशी बसवत की पीठ मऊसूत पडे आणि दळणारणीचा हात दुखत नसे.

घरात त्यांच्याविषयी एवढेच माहीत होते की 'राजा आला त्या साली' ते मुंबईला गेले. पंचम जॉर्ज राजा अपोलो बंदरावर उतरला तो २ डिसेंबर १९११ रोजी, म्हणजे तेच ते साल. पुढे पणजोबा शिमग्याला घरी येत, मधूनमधून मनिऑर्डर पाठवत. मग एका दिवाळीला मनिऑर्डर आली नाही. त्यानंतर पैसेही आले नाहीत आणि तेही आले नाहीत. आजोबा तेव्हा दहाएक वर्षांचे होते.

गावाने थोडे दिवस वाट पाहिली आणि निकाल देऊन टाकला: मुंबईला दुसरी केली! पणजीने तो निकाल मानलाही नाही आणि नाकारलाही नाही. ती रोज सकाळी कुंकू लावत राहिली. खांद्याला झोळी, झोळीत नवऱ्याची टाकी आणि हातोडी. 'जात्याला टाकी लावायची का' अशी हाळी देत ती पंचक्रोशी हिंडे. त्यावर तिने आजोबांना वाढवले. १९५६ साली ती गेली तेव्हा सवाष्ण म्हणून हिरवे लुगडे नेसवून, ओटी भरून तिला नेले. त्या वेळी बायका पदराआड काय बोलल्या असतील, ते माझ्या वाचक भगिनींना सांगायला नको. पितृपंधरवड्यात आमच्या घरी पणजीची अविधवा नवमी होई. पणजोबांचे पान मात्र कधी वाढले गेले नाही. मेलेल्याचे पान वाढायचे असते, पळून गेलेल्याचे कोण वाढणार? आजोबांनी बापाचे नाव टाकले, धंदाही टाकला. वाट्याने जमीन केली, पुढे थोडी विकत घेतली, आणि मुलांना दगडाला हात लावू दिला नाही.

गेल्या वर्षी आमचे जुने धाब्याचे घर पाडायला काढले. माळ्यावर एक पत्र्याची पेटी निघाली. आत शेतसाऱ्याच्या पावत्या, एक बोथट टाकी आणि एक पोस्टकार्ड. राजाच्या मुंडक्याचे, पाव आण्याचे कार्ड. मजकूर मोडीत. संगमनेरातल्या एका निवृत्त गुरुजींनी तो वाचून दिला. सगळे मिळून पाच-सहा ओळी: येथे खुशाल, खाणीत काम आहे, अमक्या पाटलाकडे जात्याचे सात आणे येणे ते वसूल करणे, बाळाला उन्हात फिरू देऊ नये, दिवाळीला येतो. खाली ठिकाण: मौजे खारोडी, मालाड, तालुका साष्टी. शिक्क्यावरचे साल पुसून गेले होते. 'दिवाळीला येतो' हे ऐकले आणि माझे वडील उठून अंगणात गेले. नव्वदीला टेकलेला माणूस. बराच वेळ पाठ करून उभा होता.

इथे थोडे आडवळण घेतो. विलायतेत असा शोध घेणे फार सोपे आहे. तिथल्या एखाद्या खेड्यातला लोहार किंवा गवंडी कोणाचा पणजोबा असेल, तर तो नातू गावच्या चर्चमध्ये जातो. १५३८ सालापासून तिथे प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवण्याचा हुकूम आहे. शिवाय १८४१ पासूनच्या शिरगणतीत घरातल्या प्रत्येकाचे नाव आणि त्याचा धंदा लिहिलेला सापडतो. आपल्याकडेही शिरगणती इंग्रजांच्या काळापासून झाली, पण तिच्या घरोघरच्या याद्या आपल्याला पाहायला मिळत नाहीत.

म्हणून आपल्याकडे काहीच नाही असे मात्र समजू नका. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गावचे कोतवाल बुक असते, म्हणजे गाव नमुना नंबर १४. त्यात जन्म आणि मृत्यू लिहिलेले असतात. जमिनीचे फेरफार असतात. शाळेचे दाखलखारीज रजिस्टर असते. हल्ली जातीच्या दाखल्यासाठी लोक ही दप्तरे चाळतात. दाखला हाती पडला की कागद पुन्हा गुंडाळून ठेवतात. मोडी वाचणारा माणूस मात्र गाठावा लागतो. मीही कोतवाल बुक पाहिले. आजोबांचा जन्म सापडला, पणजोबांच्या नावापुढे 'धंदा दगडकाम' असे सापडले. मृत्यू सापडला नाही. माणूस परगावी मेला तर गावच्या वहीत यायचा कसा? तेव्हा कार्डावरच्या गावी जाणे भाग होते.

आळेफाट्यावरून माळशेज उतरून एसटीने कल्याण गाठले, तिथून लोकलने दादर, आणि पूल ओलांडून पश्चिम रेल्वेने मालाड. माझी भाची मालाडात पूर्वेला राहते. तिचा कॉलेजात जाणारा मुलगा माझ्याबरोबर यायला तयार झाला. आधी त्याला वाटले आजोबांना सिनेमाची जागा पाहायची आहे. कारण मालाडचे नाव गाजले ते बॉम्बे टॉकीजमुळे. हिमांशू राय आणि देविका राणी यांनी १९३४ साली ती कंपनी इथे थाटली होती. मी म्हटले, बाबा रे, मला दगडाची खाण पाहायची आहे. तो हसला. म्हणाला, 'मालाडमध्ये आता दगड फक्त टाइल्सच्या दुकानात मिळतो.'

तुम्ही मालाड स्टेशनवर उतरलात तर तुम्हालाही तसेच वाटेल. माणसांचा लोंढा तुम्हाला उचलून जिन्यावर आणि जिन्यावरून रिक्षांच्या रांगेत नेऊन टाकतो. पण पणजोबा आले तेव्हा हे मुंबईत नव्हतेच. साष्टी बेटावरचे हे गाव ठाणे जिल्ह्यात मोडे. मुंबई उपनगर जिल्हा निघाला १९२० साली, आणि मालाड मुंबई महापालिकेत आले १९५७ साली. तोवर इथे भातखाचरे, ताडाची झाडे, खाडीकडे मिठागरे, कोळ्यांचे आणि ख्रिस्ती लोकांचे पाडे, आणि टेकड्यांत खाणी. पूर्वेला आजही एका रस्त्याला क्वारी रोड म्हणतात. क्वारी म्हणजे खाण. त्या रस्त्याने चालून पाहिले. खाणीची आठवण राहिली आहे ती त्या नावात आणि चढावात.

आता हा दगड काय आहे ते सांगतो, कारण शेतकऱ्याला दगडाची ओळख असावी. माती ही दगडाचीच लेक. आपल्या देशावरचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून तप्त रस वाहिला, तो थरावर थर निवत गेला. त्यात लोह, चुना, मॅग्नेशियम भरपूर. म्हणून तो काळा, आणि तो झिजून झालेली आपली जमीनही काळी. मालाडचा दगड त्या मानाने वेगळा. तोही ज्वालामुखीचाच, पण त्यात लोह कमी आणि पालाश असलेले खनिज जास्त. त्याला ट्रॅकाइट म्हणतात. रंग फिका पिवळा, उन्हात लोण्यासारखा दिसणारा. मुंबईत मोठमोठ्या इमारती उठू लागल्या तेव्हा सगळ्या काळ्या भिंती डोळ्यांना जड वाटत. कमानी, खांब, नक्षी यांना उजळ दगड हवा होता, आणि तो रेल्वेने तासाभराच्या अंतरावर निघत होता. त्यामुळे मालाड स्टोन हे नाव बांधकामवाल्यांच्या तोंडी बसले. त्या दगडासाठी जे हात लागले ते घाटावरून आणि तेलंगणातून आले. ज्याच्या शेतात पिकत नव्हते किंवा ज्याच्या जात्यांना गिऱ्हाईक नव्हते, असे हात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पश्चिमेला मार्वे रस्त्याने निघालो. ऑर्लेम गेले, मालवणीचा फाटा गेला आणि खारोडी आले. मोठ्या इमारतींच्या मध्ये अजून कौलारू घरांचा एक पुंजका आहे. घरांपुढे व्हरांडे, तुळशीच्या जागी दगडी क्रूस, आणि माणसे मराठी बोलणारी. हे ईस्ट इंडियन ख्रिस्ती, इथले मूळचे शेतकरी. एका घराच्या पायरीपाशी मी थबकलो. पायरी पिवळ्या दगडाची होती, आणि तिच्या तोंडावर टाकीच्या तिरप्या रेघा होत्या, एकसारख्या, करडईच्या ओळींसारख्या. तशाच तिरप्या रेघा आमच्या मारुतीच्या पाराला आहेत. पाथरवट शेवटची टाकी कोणत्या हाताने आणि कोणत्या तिरकसपणाने मारतो, ती त्याची सही असते असे म्हणतात. लगेच सांगतो, ती पायरी पणजोबांचीच असे माझे म्हणणे नाही. आमच्या भागातले कितीतरी लोक तशी टाकी मारत असतील. पण मी वाकून बोट फिरवू लागलो तेव्हा घरातून एक वयस्क गृहस्थ बाहेर आले आणि 'काय हरवलंय?' म्हणून विचारू लागले.

मी सांगितले, पणजोबा हरवलेत.

त्यांनी खुर्ची दिली. आजोबांच्या काळात त्यांची भातशेती होती, हे कळल्यावर आमचे चांगले जमले. कोळंब, पटणी अशा जुन्या भातांची नावे निघाली, खाजणातल्या खारटाणाची गोष्ट निघाली. मग ते खाणीकडे वळले. खाण त्यांनी लहानपणी पाहिली ती पाण्याने भरलेली. चालू खाणीविषयी त्यांच्या आजीने सांगितलेले त्यांना आठवत होते. दिवसभर टक-टक, टक-टक असा आवाज; तो थांबला की जेवणाची वेळ झाली असे आजी समजे. पहारीने ओळीत भोके पाडायची, त्यात पाचरी ठोकायच्या, मग चार जणांनी एका तालात घण घालायचे. डोंगराला भाकरीसारखा पापुद्रा सुटे. पाथरवट खाणीच्या कडेला झावळ्यांच्या खोपटांत राहत. त्यांच्याबरोबर एक लोहारही असे, बोथट छिन्न्या तापवून त्यांना पाणी द्यायला. संध्याकाळी कोणी भजन म्हणे. बायकामुले फार थोड्यांची बरोबर असत.

'आणि मोठा ताप आला तेव्हा?' असे मी विचारले नव्हते. मला तो सुचलाही नव्हता. त्यांनीच सांगितले. आजी म्हणे, एका पावसाळ्याच्या शेवटी खाणीतला आवाज आठवडाभर बंद पडला. सगळे तापाने आडवे. खाणीच्या तोंडाशी एक चिंचेचे झाड होते. त्याच्या फांद्यांना फडक्यात बांधलेली लहान लहान गाडगी टांगलेली दिसू लागली. मुलांना तिकडे जायची बंदी होती.

मंडळी, तुम्हाला सांगायला नको ती गाडगी कसली. तीर्थाला नेता येईपर्यंत अस्थी घरात ठेवत नाहीत, झाडाला टांगतात. जो बरा होई, गावाकडे जायला निघे, तो आपल्या भागातल्या सोबत्यांची गाडगी उतरवून घेऊन जाई. 'नाशिकला न्यायचे,' असे ते म्हणाले. 'आजी सांगे, घाटावरची माणसं नाशिकला न्यायची.'

मी तिथून उठलो तेव्हा माझे पाय जड झाले होते. चिंच कोठे होती ते त्यांनी हाताने दाखवले. तिथे आता सात मजली इमारत आहे आणि खाली औषधांचे दुकान.

तो ताप म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. पहिले महायुद्ध संपत आले असताना, जूनमध्ये तो मुंबई बंदरात उतरला. सैनिकांच्या बोटींबरोबर आला असे मानतात. पहिली लाट त्या मानाने सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली ती काळ होऊन. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. म्हाताऱ्याकोताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयाची धट्टीकट्टी माणसेच त्यात जास्त गेली. त्याच साली पाऊसही दगा देऊन गेला, म्हणजे खेड्यात पोटात अन्न नाही आणि अंगात ताप. साऱ्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली, असे अभ्यासक सांगतात. करोनाची वर्षे आपण नुकतीच पाहिली. शहरातून पायी गावाकडे निघालेले लोकही पाहिले. त्यामुळे मला फार कल्पना करावी लागली नाही.

त्या दुपारी भाचीच्या मुलाने हट्ट धरला की पणजोबांचे काम बघायला आपण गेटवेला जाऊ. आमच्या घरातही तीच समजूत होती. आजोबा नाव घेत नसत, पण चुलत घराण्यातले लोक लग्नकार्यात मिशीवर ताव देऊन सांगत, 'आमच्या माणसाने राजाचा दरवाजा बांधला.' आणि गेटवेचा पिवळा दगड खारोडीचा, हे खरेच आहे. आम्ही गेलो. समुद्राच्या वाऱ्यात तो दगड शंभर वर्षे उभा आहे आणि त्याच्या कडा अजून शाबूत आहेत. मी त्यावर तळहात ठेवला. ऊन खाऊन तो जनावराच्या पाठीसारखा गरम झाला होता.

पण हिशेब जुळेना. राजा आला तेव्हा तिथे दरवाजा नव्हताच. पुठ्ठ्याचा देखावा उभा केला होता. पायाचा दगड बसला ३१ मार्च १९१३ रोजी, नकाशा मंजूर झाला १९१४ मध्ये, मग समुद्रात भराव घालण्यात १९१९ उजाडले. पाया पुरा झाला १९२० साली, आणि दरवाजा खुला झाला ४ डिसेंबर १९२४ रोजी. चिंचेला गाडगी टांगली गेली ती १९१८ साली. पणजोबा त्यातले असतील, तर त्यांनी हा दरवाजा पाहिलासुद्धा नाही. घराण्याची बढाई अशी एका दुपारी समुद्रात बुडाली. मुलाचे तोंड उतरले. मी म्हटले, खोटा मोठेपणा नको. चल, दुसरीकडे जाऊ.

तिथून दहा मिनिटांवर वस्तुसंग्रहालय आहे. पूर्वी त्याला प्रिन्स ऑफ वेल्सचे नाव होते, आता छत्रपती शिवाजी महाराजांचे आहे. त्याचा पायाचा दगड ११ नोव्हेंबर १९०५ रोजी बसला आणि इमारत १९१४ साली पुरी झाली. युद्धात तिचा लष्करी इस्पितळ म्हणून उपयोग झाला आणि संग्रहालय म्हणून ती १९२२ साली उघडली. कुर्ल्याचा करडा दगड आणि मालाडचा पिवळा, अशी तिची बांधणी. १९११ ते १९१४ ही तीन वर्षे पणजोबांच्या हिशेबात बरोबर बसतात. तिकीट काढून आत गेलो, पण मूर्ती आणि नाणी पाहायचे सोडून बाहेरच्या कमानींखालीच फिरत राहिलो. एका सज्जाखाली दगडाची कमळे आहेत. एका पाकळीवर मला त्या तिरप्या रेघा दिसल्या असे वाटले. मी टाचा उंचावून बघू लागलो तसा पहारेकरी आला आणि म्हणाला, 'काका, भिंतीला हात लावू नका.' बरोबरच होते त्याचे.

गेटवे आणि संग्रहालय दोन्हींचा नकाशा जॉर्ज विटेट या साहेबाचा. तो स्कॉटलंडातला. १९२६ साली तो मुंबईतच वारला आणि शिवडीच्या दफनभूमीत त्याला पुरले. त्याचे काम कसबाचे होते यात शंका नाही. त्याची कबर आहे, नाव आहे, तारखा आहेत. दोन्ही इमारतींवर पाटीही आहे, कोणी पाया घातला, कोणाच्या हस्ते उघडली. दगड ज्यांनी घडवला त्यांच्यासाठी चिंचेच्या फांदीपलीकडे जागा नव्हती.

परतीला मी मुद्दाम नाशिकरोडची गाडी धरली. पंचवटीत रामकुंडाजवळ तीर्थोपाध्यायांच्या घरी नामावळीच्या वह्या असतात, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. गावाप्रमाणे आणि घराण्याप्रमाणे लावलेल्या लांबट वह्या. कोण कधी तीर्थाला आले, बरोबर कोण होते, कोणाच्या अस्थी आणल्या, सगळे त्यात. इतकी वर्षे आमच्या घरातून कोणी तिथे विचारायला गेले नव्हते. आजोबा रागापोटी गेले नाहीत, आणि पणजीची रक्षा प्रवरेत सोडली होती. मी गाव सांगितले, आडनाव सांगितले. तरुण उपाध्याय आत जाऊन तीन वह्या घेऊन आले. दोन चाळून झाल्या. तिसरीत मध्यावर त्यांचे बोट थांबले.

शके १८४०, आश्विन वद्य एकादशी. शक सालात ७८ मिळवले की इसवी सन निघतो. म्हणजे १९१८, ऑक्टोबरची अखेर. पणजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, गावाचे नाव. मृत्यू मालाड मुक्कामी तापाने. अस्थी आणणार, खाणीतला सोबती, जातीने लोहार, आणि त्याचे गाव. ते गाव आमच्यापासून दोन कोसांवर आहे.

चार दिवसांनी दिवाळी होती. म्हणजे पणजोबा कार्डात लिहिल्याप्रमाणे दिवाळीला निघाले होते खरे, आणि नाशिकपर्यंत आले होते.

उपाध्यायांनी विचारले, काही विधी करायचा आहे का? मी म्हटले, ते वडील ठरवतील. वहीत त्या नोंदीखाली त्यांनी माझे नाव आणि माझ्या मुलांची नावे लिहून घेतली. शंभरावर वर्षांनी त्या पानावर शाई पडली.

राहिला एक प्रश्न. लोहार नाशिकला पोचला, तर दोन कोसांवर आमच्या घरी निरोप का आला नाही? त्याचे उत्तर संगमनेरला त्याच्या गावच्या कोतवाल बुकात मिळाले. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर १९१८ ची पाने उघडली की बघवत नाही. एरवी ज्या वहीत महिन्याला चार-दोन ओळी, तिथे पानेच्या पाने भरलेली. कारणाच्या रकान्यात 'ताप', 'ताप', 'ताप'. पुढे पुढे लिहिणाऱ्याने नुसती खूण केलेली. त्यातच २ नोव्हेंबरला लोहाराचे नाव होते. ताप घेऊनच तो घरी पोचला आणि पडला. कोणाला काही सांगायला त्याला उसंत मिळाली नाही.

हे सगळे मी घरी येऊन वडिलांना सांगितले. ते ओसरीवर बसून ऐकत होते. मध्ये एकदाच बोलले, 'आजीला कुंकवाचा डाग पडला होता कपाळाला.' सगळे ऐकून झाल्यावर मला वाटले ते श्राद्धाचे विचारतील. त्यांनी विचारले, 'लोहाराच्या घरी आता कोण आहे?'

त्याच्या पणतूचे एसटी स्टँडजवळ वेल्डिंगचे दुकान आहे. नांगराचे फाळ, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या असे काम तो करतो. दुसऱ्या दिवशी वडिलांनी धुतलेले धोतर नेसले, टोपी घातली, आणि त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून मी तिकडे नेले. दुकानात त्या पणतूचे वडीलही होते, माझ्या वडिलांहून थोडे लहान. रामराम झाला, चहा आला. वडिलांनी सावकाश, काही न गाळता सगळे सांगितले: खाण, ताप, चिंच, गाडगे, नाशिक.

ते गृहस्थ ऐकता ऐकता स्टुलाच्या कडेला येऊन बसले. म्हणाले, 'आमच्या आजीनं जन्मभर एकच बोल लावला हो. म्हणायची, अंगात ताप होता तर मुंबईहून सरळ घरी यायचं सोडून हा माणूस नाशिकला कशाला उतरला? कुणाला ठाऊकच नव्हतं.'